बर्लिनच्या कवट्या

मानववंशशास्त्रांत नांव मिळविणाऱ्या इरावतीबाई कर्वे १९२६ सालीं फर्ग्युसनमधून बी. ए. झाल्या त्या तत्त्वज्ञान घेऊन. मग मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, प्रबंध. आणि १९२८ सालीं बर्लिन. तेथें गुरु ऑयगेन फिशर, पुढें नाझी वंशवादाचे पाठीराखे झालेले. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमतेचा वंशाशीं संबंध निघेल, ही त्यांची अपेक्षा. बाईंनीं कवट्या मोजल्या. संबंध निघाला नाहीं. परक्या देशांत, पदवी गुरूंच्याच हातीं असतांना, त्यांनीं प्रबंधांत तसेंच लिहिलें. मी जन्मभर मुलांस गुरुवाक्य प्रमाण म्हणून सांगितलें, त्यामुळें हें सांगतांना संकोच वाटतो. पदवी मिळाली, १९३९ पासून त्या पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकवूं लागल्या.