मेदाचा तुकडा जगतो कसा?

गालावर खोल व्रण राहिला असेल किंवा वयोमानाने गाल बसले असतील, तर त्याच व्यक्तीच्या पोटावरचा वा मांडीवरचा मेद काढून तेथे भरता येतो. मेद स्वतःचाच असल्याने शरीर तो नाकारत नाही. कल्पना सोपी आहे. पण ती भरवशाची व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. असे का झाले?

१८९३ साली गुस्टाव नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने दंडातील मेदाचे तुकडे चेहऱ्यावरील खोलगट व्रणाखाली बसवले. बदामाएवढे लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, असे त्याला आढळले.

यामागचे गणित आपण वर्गात करू शकतो. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १,००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. घनफळ मात्र तेवढेच राहते. शरीरातून काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या केशवाहिन्या येईपर्यंत ऑक्सिजन केवळ विसरणाने, म्हणजे पृष्ठभागातूनच, आत जातो. मोठ्या तुकड्याचा गाभा गुदमरतो.

मेद विरघळून जातो म्हणून पर्याय शोधले गेले. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या रोबेर्ट गेर्झुनीने पॅराफिन टोचण्याची पद्धत रूढ केली. परिणाम तत्काळ दिसे. परंतु पुढे गाठी होत, पॅराफिन जागा सोडून सरके आणि चेहरे कायमचे विद्रूप होत.

१९५० साली अमेरिकेतील लिंडन पिअर यांनी रोपलेल्या मेदाचे वजन करून पाहिले. वर्षभरात जवळजवळ निम्मे वजन घटले होते. शिवाय एका अखंड तुकड्यापेक्षा त्याच तुकड्याचे बारीक भाग केल्यास घट अधिक होते, असेही त्यांना दिसले. मग नॉयबर चुकला होता का? नाही. कापताना पेशी फुटतात, ही गोष्ट हिशेबात धरायला हवी होती.

दोन्ही अटी एकदम पाळल्या त्या न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्यांनी मेद पिचकारीने हळुवार ओढला, अपकेंद्री यंत्रात फिरवून तेल व द्रव वेगळे केले आणि उरलेला मेद थेंबाथेंबाने निरनिराळ्या थरांत पेरला, जेणेकरून प्रत्येक कणाभोवती जिवंत ऊती राहावी. २०१२ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की पृष्ठभागापासून सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंतच्याच मेदपेशी तगतात. त्याखालच्या थरात त्या मरतात, पण तेथील मूलपेशी नव्या मेदपेशी घडवतात.

धोका मात्र संपलेला नाही. टोचलेला मेद रक्तवाहिनीत शिरून डोळ्याचा रक्तपुरवठा अडल्यास अंधत्व येते. अशी घटना १९८८ मध्येच नोंदली गेली आहे. सौंदर्यासाठी केलेली असली, तरी ती शस्त्रक्रियाच असते.

विद्यार्थ्यांना बटाट्याचे लहानमोठे घन पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात ठेवायला सांगावे व तासाभराने कापून पाहावे. मोठ्या घनाचा पांढरा गाभा पाहिला, की नॉयबरचे म्हणणे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.