लिहिले, की लिहून झाले?

आमच्या विभागात काही वर्षांपूर्वी जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून ठेवण्याचे काम निघाले. अंक एका निवृत्त शिक्षकांच्या घरचे, कडांना वाळवी लागलेले. महिनाभर खपून पाने संगणकात घेतली, तेथून बाहेरच्या डिस्कवर उतरवली, पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरताच डिस्क ओढून काढली आणि अंक परत केले. पुढच्या सत्रात पाहतो तो चौदा फाइलींची नावे जागेवर, आकारही बरोबर, पण आत शून्यांखेरीज काही नाही. तोवर संगणकावरची प्रत पुसली होती आणि अंक रद्दीत गेले होते. डिस्क ओढण्याची घाई आमचीच. तरी 'लिहिले' या क्रियापदाविषयी मनात शंका बसली ती बसलीच. मराठीत 'लिहिले', 'लिहून ठेवले' आणि 'लिहून झाले' यांत भेद आहे. संगणकाने आम्हांला सांगितले ते यांतले कोणते?

या प्रश्नाचा माग काढत गेलो तर तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेपर्यंत पोचतो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून तेथे युनिक्स प्रणाली घडवली. तिच्यातील एक कल्पना आम्हांला विशेष साहित्यिक वाटते : यंत्रालाही फाइलीचेच रूप द्यायचे. डिस्क, टेप, छपाईयंत्र हे सारे 'डेव्ह' नावाच्या कप्प्यात फाइलींसारखे दिसते. प्रणाली आणि यंत्र यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषी बसतो; पण वापरणाऱ्याने फक्त वाचायचे आणि लिहायचे. परिणामी फाइलींसाठी केलेली साधी साधने दुभाष्याची परीक्षा घ्यायलाही चालू लागली. दोन फाइली अक्षराक्षराने ताडून पाहणारी 'सीएमपी' ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच होती. १९७४ च्या पाचव्या आवृत्तीत 'डीडी' आली. ती डिस्कवरचा मजकूर ठोकळ्याठोकळ्याने उचलून दुसरीकडे ठेवते. तिचे नाव आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील कार्यभाषेतल्या 'डीडी' विधानावरून घेतलेले, म्हणून तिची वाक्यरचनाही युनिक्सच्या इतर आज्ञांहून वेगळी, परभाषेतून आल्यासारखी. 'आयएफ' म्हणजे कोठून, 'ओएफ' म्हणजे कोठे. या दोहोंची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि आज्ञा निमूटपणे तेही पार पाडते.

डिस्क संथ, स्मृती वेगवान. म्हणून युनिक्स लिहायला दिलेला मजकूर आधी स्मृतीत ठेवते आणि 'लिहिले' असे सांगून मोकळी होते. प्रत्यक्ष लेखन मागाहून. साचलेले सारे डिस्ककडे धाडण्यासाठी 'सिंक' ही आज्ञा होती, आणि एक पार्श्वकार्यक्रम दर तीस सेकंदांनी तेच करीत असे. परंतु जुनी सिंक लेखनाला फक्त सुरुवात करून देई, ते संपेपर्यंत थांबत नसे. यातून एक लोकाचार जन्मला. यंत्र बंद करण्यापूर्वी सिंक तीनदा टंकायची, प्रत्येक वेळी नव्या ओळीवर. हेतू एवढाच की, टंकता टंकता डिस्कला चार क्षण मिळावेत. पुढच्या पिढीने हेतू विसरून तिन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहायला आरंभ केला! विधी उरला, अर्थ गेला. लोकसाहित्याच्या तासाला याहून नेटके उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. असो. १९८३ च्या ४.२ बीएसडीत 'एफसिंक' आली. ती एका फाइलीपुरती, पण काम होईपर्यंत थांबणारी.

मात्र थांबणे म्हणजे पडताळणे नव्हे. डीडीने लिहून लगेच सीएमपीने ताडले, तर उत्तर बहुधा 'सारखेच' येते. कारण वाचन डिस्कवरून होतच नाही, स्मृतीतली ताजी प्रतच पुन्हा समोर येते. विद्यार्थ्याने आपलाच निबंध तपासावा तसे हे. म्हणून परीक्षकाला स्मृती वगळावी लागते : डिस्क रीतसर उतरवून पुन्हा जोडायची, किंवा डीडीला थेट यंत्राशी बोलायला सांगायचे.

काय लिहावे, यातही एक विद्या आहे. लिनक्सवरील 'बॅडब्लॉक्स' लेखन-चाचणीत संपूर्ण डिस्कवर चार नमुने पाळीपाळीने लिहून वाचते : एकाआड एक १ आणि ०, मग त्याचा उलटा, मग सगळे १, मग सगळे ०. अशा प्रकारे प्रत्येक बिटाला दोन्ही बाजूंनी विचारले जाते. पण ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर लिहिले तर सर्वत्र सारखा असलेला नमुना ते लपवून टाकतो. त्यासाठी प्रत्येक ठोकळ्यात त्याचा स्वतःचा क्रमांक लिहावा लागतो; पोथीच्या पानांवर पत्रांक घालतात ना, तसा. क्षमता फुगवून विकलेले बनावट पेनड्राइव्हही याच रीतीने पकडले जातात, कारण तेथे पुढची पाने मागच्यांवरच चढत जातात.

याउपर डिस्कच खोटे बोलली तर? तिच्या पोटातही छोटी स्मृती असते, आणि तेथे मजकूर पोचताच 'झाले' म्हणणाऱ्या डिस्क निघाल्या. जानेवारी २००५ मध्ये लाइव्हजर्नल या सेवेच्या केंद्रातील वीज गेली आणि तिचे अनेक डेटाबेस बिघडले. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी त्याच वर्षी एक छोटी आज्ञावली लिहिली. एक संगणक डिस्कवर लिहितो आणि प्रत्येक 'झाले' दुसऱ्या संगणकाला कळवतो. मग पहिल्याची वीज खेचून तोडायची, तो पुन्हा सुरू करायचा आणि साक्षीदाराच्या नोंदीशी डिस्क ताडायची. साक्षीदार वेगळ्या घरचा असावा, हे त्यातले मर्म.

२००७ मध्ये युरोपातील सर्न संस्थेने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. तीन हजारांहून अधिक यंत्रांवर दर दोन तासांनी सुमारे २ जीबीचा ठराविक मजकूर लिहून वाचला गेला. पाच आठवड्यांत शंभर यंत्रांवर ५०० चुका सापडल्या. त्यांतील बहुतेक ६४ केबी लांबीच्या होत्या आणि नियंत्रक व डिस्कची अंतर्गत आज्ञावली यांच्या बेबनावातून आलेल्या. यंत्रांनी स्वतःहून त्यांची वाच्यता केली नव्हती.

सर्वांत बोचरा प्रसंग २०१८ चा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कर्त्यांच्या ध्यानात आले की, लेखन फसल्यास लिनक्स एफसिंकला एकदा चूक सांगते आणि मग ते पान 'स्वच्छ' मानून टाकते. दुसऱ्यांदा विचारले तर उत्तर येते, सर्व ठीक. पोस्टग्रेस कित्येक वर्षे दुसऱ्यांदा विचारून त्या उत्तरावर विसंबत होते. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारणेपासून एफसिंक फसताच ते स्वतःला बंद पाडते आणि आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभे राहते. लिनक्सवर 'डीएमसेटअप' नावाचे साधन आहे. त्याने मधलाच काही भाग हमखास चुकणारी अशी डिस्क मुद्दाम रचता येते. असले दोष निरोगी डिस्कवर वर्षानुवर्षे दिसत नाहीत, तेथे दिसतात.

आता विभागात कोणतीही प्रत केली की आम्ही डिस्क उतरवतो, दुसऱ्या टेबलावरच्या संगणकाला जोडतो आणि सीएमपी चालवतो. दोन्ही फाइली जुळल्या तर ही आज्ञा एक अक्षरही बोलत नाही. त्या चौदा फाइलींपैकी नऊंची पाने इतर ग्रंथालयांतून मिळाली. उरलेल्या पाचांचा शोध चालू आहे.