रामेनचा वाडगा आणि त्याचे परीक्षक

१९८५ साली जपानमध्ये ‘ताम्पोपो’ नावाचा एक चित्रपट आला. दिग्दर्शक होते जूझो इतामी. त्यात सुरुवातीलाच एक म्हातारबुवा एका तरुणाला रामेन कसं खावं, याचे धडे देतात. रामेन म्हणजे गरम रश्शात घातलेल्या गव्हाच्या शेवया. वर मांसाचे काप, कांद्याची पात, बांबूचे कोंब. वाडगा समोर येतो, पण म्हातारबुवा खायची घाई करत नाहीत. आधी तो डोळे भरून पाहायचा, मग वाफेचा वास घ्यायचा, मग चॉपस्टिकच्या टोकांनी वरून अलगद गोंजारायचं! कुणी वडापावचं शास्त्रोक्त रसग्रहण शिकवावं, तसा हा प्रकार. प्रेक्षक हसले, कारण रामेन हे मुळात गाडीवरचं, गरिबाचं खाणं.

पण ती थट्टा पुढे खरी झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मिशेलिन या प्रसिद्ध मार्गदर्शिकेनं टोकियोतल्या ‘त्सुता’ या रामेनच्या छोट्याशा दुकानाला तारा दिला. रामेनच्या दुकानाला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. गाडीवरचा वाडगा परीक्षकांच्या टेबलावर कसा पोचला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. तिथे चिनी लोकांची वस्ती वाढली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या शेवयाही आल्या. या शेवयांच्या पिठात ‘कान्सुई’ नावाचं खारं पाणी घालतात. आपण पापडात पापडखार घालतो, तसाच हा खार. त्यानं पीठ पिवळसर होतं, शेवयांना ताण येतो आणि गरम रश्शातही त्या लगेच गळत नाहीत. १९१० मध्ये कानइची ओझाकी या गृहस्थांनी टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे दुकान काढलं. ओझाकी पूर्वी योकोहामाला जकात खात्यात नोकरीला होते. त्यांनी स्वयंपाकी आणले ते तिथल्या चिनी वस्तीतूनच. रस्सा चिनी धाटणीचा, पण त्याला चव जपानी सोया सॉसची. मजूर आणि विद्यार्थी यांना ते खाणं आवडलं. रात्री फेरीवाले गाड्या घेऊन फिरत आणि ‘चारुमेरा’ वाजवून आल्याची वर्दी देत. हे वाद्य आपल्या सनईच्या जातीचं.

त्या वेळी या पदार्थाचं नाव होतं ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी शेवया. पण जपाननं चीनवर आक्रमण केलं, आणि ‘शिना’ हा शब्द चिनी माणसाला अपमानाचा वाटू लागला. युद्धानंतर, १९४६ मध्ये, जपानच्या परराष्ट्र खात्यानंच तो टाळावा अशी सूचना काढली. मग ‘चूका सोबा’ हे नाव आलं आणि पुढे ‘रामेन’ रूढ झालं. हे नाव चिनी ‘लामिएन’वरून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

१९४५ च्या पराभवानंतर जपानमध्ये तांदळाचा दुष्काळ पडला. अमेरिकेचा गहू येऊ लागला. शहरांतल्या काळ्या बाजारात शेवयांच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या दिवसांत रामेनचं परीक्षण भूक करत होती. वाडगा गरम हवा, त्यावर तेलाचा तवंग हवा, पोट भरलं पाहिजे आणि खिशाला परवडलं पाहिजे. ओसाकात अशाच एका गाडीपुढची थंडीतली रांग मोमोफुकू आंदो यांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनात राहिली. पुढे त्यांनी घरामागच्या खोपटात प्रयोग केले. शेवया तेलात तळल्या की पाणी उडून जातं आणि बारीक छिद्रं राहतात. नंतर गरम पाणी त्यांतूनच आत शिरतं. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’चं पाकीट ३५ येनला बाजारात आलं. ‘रामेन’ हे नाव जपानमध्ये घरोघर पोचलं, त्यात या पाकिटाचा वाटा मोठा. आपल्याकडे १९८० च्या दशकात आलेली मॅगी याच तंत्राच्या कुळातली.

पोट भरू लागल्यावर जिभेला निवड सुचते. कडाक्याच्या थंडीच्या साप्पोरो शहरात १९५० च्या दशकात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा दाट लगदा, घातलेलं रामेन निघालं. दक्षिणेकडे क्यूशू बेटावर डुकराची हाडं तासन् तास खळखळा उकळून दुधासारखा पांढरा रस्सा करू लागले. तिथल्या हाकाता भागात गिऱ्हाईक शेवया कडक हव्यात की मऊ, हे आधी सांगतं. शेवया संपल्या, तर उरलेल्या रश्शात नव्या मागवतं. १९९४ मध्ये शिन-योकोहामाला चक्क रामेनचं संग्रहालय उघडलं. आत १९५८ सालची गल्ली उभारलेली आहे. गावोगावच्या चवी छोट्या वाडग्यांतून चाखता याव्यात, अशी सोयही आहे.

मग जाणकार वाडगा पारखतात कसा? आधी नुसता रस्सा. पहिल्या घोटात वरच्या तेलाचा वास येतो, मग मीठ, मग हाडांचा किंवा सुक्या मासळीचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क. त्यानंतर शेवया, भुरके मारत. भुरक्यानं घास थोडा निवतो आणि वास नाकापर्यंत जातो. रेंगाळायचं मात्र नाही. शेवया रस्सा पीत राहतात, चार मिनिटांपूर्वीचा वाडगा आता तोच राहिलेला नसतो. शेवटी मांस आणि अंडं. खरी परीक्षा असते ती रस्सा शेवयांना धरून राहतो की नाही, याची.

एवढं कौतुक होऊनही एक जुनी कसोटी सुटलेली नाही. जपानमध्ये ‘हजार येनची भिंत’ असा शब्दप्रयोग आहे. रामेनची किंमत हजारावर गेली, की गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते. पीठ, मांस, वीज सगळं महागलं, पण वाडगा मात्र स्वस्तच हवा. २०२४ मध्ये रामेनच्या दुकानांची दिवाळखोरी तिथे विक्रमी पातळीवर गेली. पहाटेपासून हाडं उकळत बसणाऱ्या माणसाच्या कष्टांचं मोल काय धरायचं, हे तारे देणारे ठरवू शकत नाहीत. ते पैसे मोजणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

‘ताम्पोपो’च्या शेवटाकडेही एक परीक्षा आहे. नायिकेनं शिकून शिकून केलेलं रामेन पाच पुरुष खायला बसतात. ती श्वास रोखून पाहत असते. कोणी काही बोलत नाही. एकेक जण वाडगा दोन्ही हातांनी उचलतो आणि शेवटच्या थेंबापर्यंत रस्सा पिऊन टाकतो. वाडगे रिकामे झालेले पाहून तिचे डोळे भरून येतात. निकाल तिला कळलेला असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)