अभिजात मोटारसायकलवर आधुनिक सस्पेन्शन

अभिजात मोटारसायकलवर आधुनिक सस्पेन्शन बसविणे म्हणजे जुन्या मोटारसायकलची मूळ चौकट (बोलीत चेसिस) व इंजिन कायम ठेवून तिला नंतरच्या काळातील पुढचा फोर्क, मागचा स्विंगआर्म, शॉकॅब्सॉर्बर, चाके व ब्रेक जोडणे होय. अशा गाडीला इंग्लंडमध्ये पूर्वीपासून ‘स्पेशल’ म्हटले जाते. ‘रेस्टोमॉड’ हा शब्द अलीकडचा आहे. या कामात सुटे भाग मिळविणे फारसे अवघड नसते. मोटारसायकलची चौकट, फोर्क आणि चाके यांचे कोन व अंतरे मात्र परस्परांवर अवलंबून असतात. त्यांपैकी एक बदलले की उरलेली सर्व बदलतात. हे गणित चुकले, तर उत्तमोत्तम भाग बसवूनही गाडी मूळ गाडीपेक्षा धोकादायक होऊ शकते.

पार्श्वभूमी

द्रवशामक असलेला दुर्बिणी पद्धतीचा फोर्क १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ व आर १७ या गाड्यांवर आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाला. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीने रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेली ‘फेदरबेड’ ही चौकट शर्यतीत उतरविली. ही चौकट इतकी स्थिर होती, की हौशी कारागीर तिच्यात ट्रायम्फचे इंजिन बसवू लागले. त्या संकरित गाडीचे ‘ट्रायटन’ हे नाव आजही प्रचलित आहे. त्या काळी चौकटी चांगल्या होत्या आणि इंजिने त्यांच्या मानाने मागे होती.

जपानी गाड्यांनी हे चित्र उलटे केले. १९७२ मध्ये आलेल्या कावासाकी झेड १ या गाडीचे ९०३ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन ८२ अश्वशक्ती देत होते. तिची दुहेरी पाळण्याची नळ्यांची चौकट, ३६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा फोर्क आणि पुढची एकच डिस्क यांना ही शक्ती झेपत नसे. मोठ्या वेगात गाडी डावी-उजवीकडे डुलू लागे. या गाडीचे इंजिन अतिशय टिकाऊ असल्याने ते जपून बाकीची गाडी सुधारण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील सुपरबाइक शर्यतींत कावासाकीच्या गाड्यांच्या चौकटींना जागोजागी पट्ट्या व नळ्या जोडून बळकटी दिली जात असे. एडी लॉसन यांनी १९८१ व १९८२ ची अजिंक्यपदे कावासाकीवर मिळविली; १९८२ मध्ये कंपनीने त्यांच्या गाडीच्या धर्तीवर केझेड १००० आर हे रूप विक्रीस आणले. इंग्लंडमधील रिकमन व हॅरिस या बंधूंच्या कारखान्यांनी निराळा मार्ग घेतला. त्यांनी कावासाकीचे इंजिन उचलून स्वतः बांधलेल्या नव्या चौकटीत बसविले. जुनी चौकट ठेवावी की सोडावी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

रेक, ट्रेल आणि ऑफसेट

हँडल ज्या आसाभोवती वळते तो आस उभ्या रेषेशी जो कोन करतो त्यास रेक म्हणतात. हाच आस खाली जमिनीपर्यंत वाढविला, तर तो टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या थोडा पुढे पडतो. या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेलमुळे पुढचे चाक, सामानाच्या हातगाडीच्या फिरत्या चाकाप्रमाणे, आपोआप सरळ राहू पाहते. ट्रेल फार वाढल्यास हँडल जड होते व गाडी वळणात उतरण्यास कुरकुरते. फार घटल्यास ती चपळ होते, परंतु खड्ड्यावरून जाताना हँडल थरथरू लागते.

तिसरे माप ऑफसेटचे. वळण्याच्या आसापासून चाकाचा आस जितका पुढे असेल, तितका ऑफसेट. तो मुख्यतः फोर्कच्या दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींनी ठरतो. गॅरेजमध्ये या पकडींना ‘टी’ म्हणतात. चाकाच्या त्रिज्येला रेकच्या ज्याने (साइनने) गुणावे, त्यातून ऑफसेट वजा करावा आणि उरलेल्यास रेकच्या कोज्याने (कोसाइनने) भागावे, की ट्रेल मिळतो. शालेय त्रिकोणमितीपलीकडे यात काही नाही, तरी बहुतेक फसलेल्या गाड्या याच पायरीवर फसतात.

झेड १ चा रेक २६ अंश, ट्रेल ९० मिलिमीटर व ऑफसेट सुमारे ६० मिलिमीटर आहे. तिच्या १९ इंची पुढच्या चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे ३२४ मिलिमीटर भरते. आधुनिक स्पोर्ट्स मोटारसायकलचे १७ इंची चाक १२०/७० मापाच्या टायरसह सुमारे ३०० मिलिमीटर त्रिज्येचे असते आणि तिच्या पकडींचा ऑफसेट ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. रेक २६ अंशच राहिला असे धरून आकडे मांडले, तर पुढील चित्र दिसते. मूळ पकडी ठेवून नुसते १७ इंची चाक बसविले, तर ट्रेल ८० मिलिमीटरपर्यंत उतरतो. नवा फोर्क त्याच्या पकडींसह आणून चाक मात्र १९ इंचीच ठेवले, तर तो १२५ मिलिमीटरवर जातो आणि गाडी वळविणे कष्टाचे होते. फोर्क, पकडी व १७ इंची चाक असा सगळा संच आणला, तर ट्रेल ११३ मिलिमीटर येतो.

व्यवहारात रेकही स्थिर राहत नाही. स्पोर्ट्स गाडीचा फोर्क बहुधा तोकडा असतो. तो बसवला की गाडीचे नाक खाली जाते. झेड १ च्या चाकांच्या आसांतील अंतर सुमारे १४९० मिलिमीटर असल्याने पुढची बाजू मागच्या तुलनेत २६ मिलिमीटर खाली आली, की रेक एक अंशाने कमी होतो. दोन अंश कमी होऊन रेक २४ झाला, तर वरील पूर्ण संचाचा ट्रेल १०१ मिलिमीटर होतो. म्हणजे दोन चुका एकमेकींना काही अंशी सावरतात. ‘काहीही न मोजता बसवली आणि उत्तम चालते’ असे सांगणारे मालक भेटतात, ते यामुळेच. या सावरण्याची किंमत मात्र जमिनीपासूनच्या उंचीने मोजावी लागते. वळणात एक्झॉस्टच्या नळ्या व इंजिनाची बाजूची झाकणे रस्त्याला घासू लागतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आवश्यक ऑफसेटच्या पकडी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापून घेणे. वरच्या उदाहरणात ९० मिलिमीटरचा मूळ ट्रेल राखण्यासाठी रेक २६ अंश असताना सुमारे ५० आणि २४ अंश असताना सुमारे ४० मिलिमीटर ऑफसेट लागतो. उलटा फोर्क असल्यास त्यात चाकाचा आस नळीच्या मध्यरेषेपुढे किती आहे, तेही धरावे लागते. मोजमाप नेहमी स्वार बसलेला असताना, स्प्रिंग दबलेल्या स्थितीत करावे. गाडी स्टँडवर असताना मिळालेले आकडे दिशाभूल करतात.

पुढचा फोर्क बसविणे

फोर्कच्या पकडींमधील मधला दांडा चौकटीच्या पुढच्या नळीत बेअरिंगवर फिरतो. या बेअरिंगला आपल्याकडे ‘कोनसेट’ म्हणतात. जुन्या गाड्यांत सुट्या गोळ्यांचा कोनसेट असे. त्याऐवजी निमुळत्या रोलरची बेअरिंगे वापरणे हितावह. नव्या दांड्याची लांबी वा जाडी जुळत नसेल, तर दाबयंत्रावर तो काढून दुसरा बसवावा लागतो. याखेरीज हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून फोर्क पेट्रोलच्या टाकीला टेकत नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. जाड उलट्या फोर्कमध्ये ही जागा हमखास अपुरी पडते. दात्या गाडीपेक्षा जुनी गाडी बरीच जड असल्याने फोर्कच्या स्प्रिंगा त्यानुसार कडक घ्याव्या लागतात. स्वार बसल्यावर रस्त्यावरील गाडीचा फोर्क आपल्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दबावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

चौकटीवरील ताण

मूळ बारीक फोर्क ब्रेक दाबताच लवतो व पिळतो. हा दोष खरा. परंतु त्या लवण्यात बराचसा धक्का जिरतो. ४३ मिलिमीटरचा ताठ फोर्क, दोन मोठ्या डिस्क आणि चिकट रेडियल टायर एकत्र आले, की तोच भार चौकटीच्या पुढच्या नळीच्या जोडांवर जातो. ते जोड अशा भारासाठी आखलेले नसतात. तेथे केसासारख्या चिरा पडण्याचा संभव असतो आणि रंगाखाली त्या दिसत नाहीत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रंग काढून, भेदक रंगद्रव्य लावून जोड तपासतात आणि चौकट सरळ आहे की नाही हे मोजतात. अर्ध्या शतकात गाडी कोठे धडकली असेल, ते चौकटच सांगते.

बळकटीसाठी पुढच्या नळीभोवती आणि स्विंगआर्मच्या खिळीभोवती पट्ट्या वितळजोडाने जोडतात. उष्णतेने नळ्या ओढल्या जातात, त्यामुळे चौकट साच्यात आवळून थोडे थोडे जोडकाम करावे लागते. हे काम तज्ज्ञाकडेच द्यावे.

मागची बाजू

जुन्या गाडीचे दोन शॉकॅब्सॉर्बर चौकटीच्या मागच्या उंच भागाला टेकलेले असतात. त्यांच्या जागी त्याच लांबीचे, दाब व उसळी स्वतंत्रपणे जुळवता येणारे नवे शॉकॅब्सॉर्बर लावणे हा या प्रकरणातील सर्वांत सोपा आणि, खर्चाच्या मानाने पाहता, सर्वांत गुणकारी बदल आहे. एकाच मधल्या शॉकॅब्सॉर्बरची रचना यामाहाने १९७० च्या दशकात बेल्जियमचे ल्युसियाँ तिलकाँ यांच्या कल्पनेवरून मोटोक्रॉस गाड्यांत रूढ केली. ती जुन्या चौकटीत घुसवायची, तर सारा भार चौकटीच्या मध्यावर येतो, जेथे तो घेणारी नळीच नसते. त्यासाठी नवी आडवी नळी व बॅटरीची नवी जागा लागते. बहुतेक गाड्यांत हा खटाटोप केवळ दिसण्यासाठी केला जातो.

रुंद टायरचा मोहही असाच. १८०/५५ मापाच्या टायरला साडेपाच इंच रुंद रिम लागते. तो बसविला, की साखळी टायरला घासते. पुढचे दंतचक्र बाहेर सरकवावे लागते आणि गिअरपेटीच्या दांड्याला वाकवणारा भार वाढतो. दोन्ही चाकांच्या मध्यरेषा एका ओळीत राहिल्या नाहीत, तर गाडी एका बाजूला ओढते. ८२ अश्वशक्तीच्या गाडीस १६० मापाचा टायर पुरेसा होतो.

ब्रेक

झेड १ च्या दुसऱ्या फोर्कनळीवर जोडब्रेकसाठी जागा कारखान्यातूनच ठेवलेली होती, त्यामुळे दुसरी डिस्क बसविणे सोपे जाते. मात्र कॅलिपर वाढले की मास्टर सिलिंडरही त्यांना साजेशा व्यासाचा हवा. लहान राहिल्यास लिव्हर हँडलपर्यंत दबते, मोठा घेतल्यास लाकडासारखी कठीण लागते.

मूळपणाचा प्रश्न

अस्सल, न छेडलेल्या जुन्या गाड्या दरवर्षी कमीच होतात. कापलेली चौकट पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे जाणते कारागीर शक्यतो बोल्टने बसणारे बदल करतात, चौकटीवरील जुने कान व कंस छाटत नाहीत आणि काढलेले भाग गाडीबरोबर जपून ठेवतात. चौकट आधीच गंजलेली वा अपघातग्रस्त असेल, तेव्हा हा आक्षेप पुष्कळसा गळून पडतो.

कायदा

जर्मनीत असे बदल तांत्रिक तपासणीनंतर गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. मोठे बदल केलेल्या गाड्या तिच्यातून वगळल्या आहेत.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून भिन्न होतील असे फेरफार करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. साहजिकच येथे जुन्या बुलेटसारख्या गाडीवर परका फोर्क चढविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर ठरते.

जुन्या रूपाची, पण कारखान्यातूनच नवी चौकट व सस्पेन्शन घेऊन येणारी गाडी हा भारतातील कायदेशीर पर्याय आहे. रॉयल एन्फिल्डने २०१३ च्या काँटिनेंटल जीटी या गाडीची चौकट हॅरिस कंपनीच्या साहाय्याने आखली. कधीकाळी कावासाकीच्या इंजिनांसाठी चौकटी बांधणारी ही कंपनी २०१५ मध्ये रॉयल एन्फिल्डनेच विकत घेतली. २०१८ मध्ये आलेल्या इंटरसेप्टर ६५० या गाडीस ४१ मिलिमीटरचा फोर्क, १८ इंची चाके आणि मागे, जुन्या पद्धतीप्रमाणे, दोन शॉकॅब्सॉर्बर आहेत.