दवा, दारू आणि रंजक

मराठी मुसलमानाच्या घरात ‘दारू’ हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. ‘दवादारू’ मात्र सगळीकडे चालते. आजारी माणसाची दवादारू करताना आपल्याला काही वावगे वाटत नाही. कारण फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. पुढे हाच शब्द मराठीत दोन वाटांनी गेला. एक दारू प्यायची, दुसरी उडवायची. दारूगोळा, दारूखाना, शोभेची दारू हे शब्द दुसऱ्या वाटेचे. जिंतूरच्या बाजारात दिवाळीत विकली जाते तीही शोभेची दारूच.

तोफेत भरायच्या भुकटीला औषधाचे नाव कसे मिळाले? अरबीतही तसेच घडले होते. मामलुक काळातल्या युद्धविद्येच्या ग्रंथांत या भुकटीला ‘दवा’ म्हटलेले आढळते. सोरा, गंधक आणि कोळसा हे तीन जिन्नस नेमक्या मापाने कुटून एकजीव करायचे, हे काम हकिमाच्या खलबत्त्यासारखेच होते. माप चुकले तर औषधाचे विष होते आणि दारूचे तेच. मला हे साम्य महत्त्वाचे वाटते, कारण बंदुकीचा इतिहास आपण नेहमी नेम धरणाऱ्याचा आणि हुकूम देणाऱ्याचा म्हणून वाचतो. माप धरणारा त्यात कुठेच नसतो.

त्याचे काम नुसते दारू बनवण्याचे नव्हते. कोणत्या नळीला कोणती दारू, हे ठरवणे हे खरे कसब. दारू सगळी सारखी जळत नाही. बारीक दाणा झटकन पेटतो, जाड दाणा सावकाश. मोठ्या तोफेत बारीक दारू भरली तर गोळा हलायच्या आधीच दाब वाढतो, तोफ फुटते आणि पहिला मरतो तो जवळ उभा असलेला गोलंदाज. उलट लहान नळीत जाड, मंद दारू घातली तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत अर्धी दारू जळलेलीच नसते. म्हणून तोफेची दारू वेगळी, बंदुकीची वेगळी. आणि सगळ्यांत बारीक ती ‘रंजक’. तोफेच्या कानात किंवा तोड्याच्या बंदुकीच्या प्याल्यात चिमूटभर टाकायची, म्हणजे जामगीची ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते. आज रंजक म्हटले की आपल्याला मनोरंजक आठवते.

हे ज्ञान आले कुठून? दारूचा जन्म चीनचा, याबद्दल आता वाद नाही. अरब वैद्य सोऱ्याला ‘सल्ज-अस-सीन’ म्हणजे ‘चीनचे बर्फ’ म्हणत, यातच उगमाची कबुली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सीरियातल्या हसन अल-रम्माहने सोरा शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली. ओला, अशुद्ध सोरा म्हणजे भिजलेली दारू, हे त्याला पक्के माहीत होते. पुढे उस्मानी तुर्कांनी तोफखाना वाढवला आणि त्यांचे कसबी कारागीर समुद्रमार्गे गुजरात व दख्खनच्या दरबारांत आले. ‘रूमी’ हे बिरुद लावणारे तोफकार आपल्या इतिहासात भेटतात ते याच वाटेने आलेले. शब्दही त्यांच्याबरोबर आले. ‘तोफ’ तुर्की, ‘बंदूक’ अरबी, ‘गोलंदाज’ फारसी. मग पोर्तुगीज आले आणि ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ देऊन गेले. मराठीने कुणालाच परत पाठवले नाही.

१५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने एक तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान. वजन सुमारे ५५ टन. निजामशाहीतली ही तोफ पुढे आपल्या मराठवाड्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. परांडा आदिलशाहीकडे गेल्यावर १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. ओतणारा रूमी, नेणारा पंडित, आणि वाटेत तिला ओढणाऱ्या माणसांची व जनावरांची गणती नाही.

मलिक-ए-मैदानवर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, कारण धातूवर नाव कोरता येते. दारूवर कोरता येत नाही. ती एका क्षणात जळून जाते आणि बनवणाऱ्याचे नावही तिच्याबरोबर धुरात जाते.

तरी काही खुणा उरल्या आहेत. जुन्या मातीच्या घरांच्या भिंतींना पांढरा थर फुटतो, आपण त्याला ‘लोणा’ म्हणतो. गोठ्यातल्या आणि जुन्या भिंतींच्या अशाच मातीतून पाणी काढून, उकळून सोरा मिळवला जाई. कोळसा आसपासच्या रानातला. गंधक मात्र बहुतेक बाहेरून, जहाजाने यायचे. म्हणजे एका उखळीत गावची माती, रानातले लाकूड आणि परमुलखातला दगड एकत्र कुटला जात होता. पेशवाईत ओतूरजवळ आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना होता आणि पेशव्यांचा तोफखाना पानशांच्या घराण्याकडे होता. कारखाने म्हटले की कारागीर आले, आणि कारागिरांच्या जाती-धर्मांची यादी कधीच एका रंगाची नसते.

दुसरी खूण आपल्या आडनावांत आहे. गोलंदाज, बाणदार, शिकलगार, आतषबाज. महाराष्ट्रातल्या मुसलमानांत ही आडनावे आजही आढळतात. यातला बाण धनुष्याचा नव्हे, तो दारू भरलेला अग्निबाण. म्हैसूरच्या हैदर-टिपूंनी लोखंडी नळीचे असे बाण वापरले आणि इंग्रजांना धडकी भरवली, हे सर्वांना माहीत आहे. पण बाण मराठ्यांच्या फौजेतही होते. या आडनावांच्या मुलांना आज शाळेत त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. एखाद्या परक्या शहरात भाड्याने घर शोधताना मात्र आडनाव विचारले जाते, आणि ‘मुसलमान’ व ‘बारूद’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की समोरच्याच्या मनात इतिहास येत नाही, कालच्या बातम्या येतात.

या संशयाला उत्तर म्हणून आपण गेली कित्येक वर्षे एकच गोष्ट करतो. यादी वाचतो. शिवरायांच्या पदरी कोण कोण मुसलमान होते, पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारदी कसा शेवटपर्यंत लढला आणि कैद होऊन मारला गेला. यादी खोटी नाही. गारद्याचे बलिदान तर कुणी पुसू शकत नाही. पण यादी वाचताना आपण नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो आणि वफादारीचे प्रमाणपत्र दाखवतो. दारूखान्याचा इतिहास प्रमाणपत्र मागत नाही. तिथे विश्वास रोज, प्रत्येक बारला ठेवावा लागत होता. उखळीवरच्या माणसाने माप चुकवले असते तर त्याचाच गोलंदाज मेला असता, मग त्याचा धर्म कोणताही असो. असा विश्वास नसता तर एकही तोफखाना चार दिवस चालला नसता. माझ्या मते सहजीवनाचा याहून मोठा पुरावा कोणत्याही दरबारी यादीत सापडणार नाही.

पुढे ही निवडच कारागिराच्या हातून गेली. कागदी काडतूस आले तेव्हा शिपायाला दारू मोजायचे काम उरले नाही. मोजलेली दारू आणि गोळी एकाच पुडीत मिळू लागली. १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला गायीची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि हिंदू व मुसलमान शिपाई एकाच वेळी बिथरले. आपल्या हातातली वस्तू कशाची बनली आहे, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. सुटी दारू मोजून भरणारा माणूस स्वतःची दारू ओळखत होता. काडतुसाच्या माणसाला कारखान्यावर विश्वास ठेवावा लागत होता, आणि तो विश्वास इंग्रजांनी कमावलेला नव्हता.

१८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या सामान्य माणसाची शस्त्रे परवान्याखाली आली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू शोधली आणि हजार वर्षांची सोरा-गंधक-कोळशाची सद्दी संपत आली. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. नव्या दारूतही दाण्याचा आकार, घडण आणि लेप यांवर जळण्याचा वेग ठरतो. पिस्तुलाची नळी बोटभर लांब, तिला झटपट जळणारी दारू लागते. रायफलीची नळी लांब, तिला सावकाश जळणारी. एकीची दारू दुसरीत गेली तर गोळी तरी रखडते किंवा हत्यार हातात फुटते. रूमी तोफकाराला जे कळत होते तेच आज प्रयोगशाळेत मोजले जाते. अमेरिकेत हौशी माणसे घरी बसून रिकामी काडतुसे पुन्हा भरतात आणि कोणती दारू बरी यावर तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. मला तो निर्बंध योग्य वाटतो. या कामात चुकीची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते.

ती किंमत मराठवाड्याने मोजली आहे. १९४८ साली जिंतूर निजामाच्या राज्यात होते. लातूरचे वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवण्याच्या गोष्टी करत होते, आणि त्यांच्या बहुतेक रझाकारांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या. भाषणाला दारू मोजावी लागत नाही. रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर अत्याचार केले, हे आपण स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे. १३ सप्टेंबरला भारतीय फौज आली, १७ ला सगळे संपले. आणि त्यानंतर ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती अशा मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तोंडाने बार उडवणारा वकील पुढे पाकिस्तानात गेला. पिंजारी, तांबोळी, शेतमजूर इथेच मेले आणि इथेच राहिले. माप न धरता बोलणाऱ्या पुढाऱ्याबद्दल आपल्या समाजाने सावध राहावे, यासाठी मला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

दारू बनवणारे हात अजूनही अनामिकच आहेत. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. चार दिवस बातमी चालली आणि विरली.

पण ज्या खडकीत इंग्रजांनी काडतुसांचा कारखाना काढला, त्याच खडकीत वाढलेल्या अनिसा सय्यद यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात दोन सुवर्णपदके मिळवली. एक एकटीने आणि एक कोल्हापूरच्या राही सरनोबतबरोबर. या प्रकारातली बारीक गोळी पुन्हा भरता येत नाही, ती कारखान्यातूनच तयार येते. तरी नेमबाज वेगवेगळ्या खेपांची गोळी आपल्या पिस्तुलात उडवून बघतात आणि जुळेल तीच ठेवतात. कोणत्या नळीला कोणती दारू, हा जुना प्रश्न तिथे अजून जिवंत आहे.

आपल्या ओळखीत कुणी गोलंदाज, बाणदार किंवा आतषबाज असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे नाव कुठल्या कामावरून पडले. काय सांगतील ते लिहून ठेवा. तोफांवरची नावे पुरातत्त्व खाते सांभाळते. ही नावे आपल्यालाच सांभाळावी लागतील.