उरलेले किती?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत आजी आणि ताईचं चांगलंच वाजलं. निमित्त होतं अर्ध्या गोळीचं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात. ताईचा मुलगा दीड वर्षांचा, म्हणून त्याला २०० मिलिग्रॅम, चुरा करून.

आजी म्हणाली, "एवढ्याशा पोराला कसली गोळी? दुधात वावडिंग उकळून देतेय ना मी. तुमच्या बाबाचे जंत त्यानंच पडले."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सापडलेले बग मोजून कोणी कोड चांगला म्हणत नाही. न सापडलेल्यांची भीती असते. त्यामुळे 'पडले' या शब्दावर अडलो. पडले ते दिसले. आत उरले त्यांचं काय?

मग वाचायला घेतलं. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यातल्या हुकवर्मच्या चौकशीत आला होता. हा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि माणूस पांढराफटक पडतो. १९२० च्या आसपास फादर जे. एफ. कायस आणि डॉ. के. एस. म्हसकर यांनी तिथे जंतांवरची औषधं तपासली. औषधातलं रसायन आणि त्याचा गुण यांचा मेळ त्यांना लावायचा होता.

हुकवर्मवरचं औषध जोखायची तेव्हाची पद्धत किळसवाणी होती, पण बिनतोड. औषध द्यायचं, पुढचे काही दिवस सगळी विष्ठा चाळणीतून धुवायची आणि जंत मोजायचे. मग दुसरं, खात्रीचं औषध देऊन उरलेले पाडायचे आणि तेही मोजायचे. समजा, पहिल्या औषधानं दहा पडले. रोगी खूश, वैद्य खूश. दुसऱ्यानं नव्वद पडले, तर पहिल्याची खरी किंमत कळते.

कायस पुढे परळच्या हाफकिन संस्थेत आले. आमच्या चाळीपासून ती पायी अर्ध्या तासावर आहे. १९३१ मध्ये या दोघांनी सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती तपासून निकाल छापला: एकही उपयोगी नाही. पण त्यांना झाडपाल्याचे वैरी समजू नका. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रचंड ग्रंथाची दुसरी आवृत्ती फादर ब्लॅटर यांच्यासोबत याच दोघांनी सिद्ध केली. वनस्पतींवर प्रेम होतं म्हणूनच त्यांना मोजावंसं वाटलं असेल.

मोजल्यावर उत्तर दरवेळी 'नाही' येत नाही. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर पिढ्यान् पिढ्या दिली गेली. १९६७ मध्ये राज आणि कुरूप यांनी त्या बियांतून जंतांवर चालणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव पॅलासोनिन. त्याची रचना उलगडली, तेव्हा ते कँथॅरिडिनचं भावंड निघालं. कँथॅरिडिन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यांचं विष. म्हणजे पळसपापडीत दम होता; पण ज्यात दम असतो त्याला मात्राही लागते, आणि 'झाडपाला आहे, अपाय कसला' हे म्हणणं गळून पडतं. वावडिंगात एम्बेलिन नावाचं नारिंगी द्रव्य असतं. पण बाजारात वावडिंग म्हणून बऱ्याचदा त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची फळं मिळतात. आजीच्या डब्यातली कुठली, हे आजीलाही माहीत नाही.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते सगळं खरं. पण पाडलेले जंत पावसाळ्यात परत का यायचे?"

याचं उत्तर आमच्या मजल्यावरच होतं. वीस खोल्या, सामाईक संडास, खाली चिखलात खेळणारी पोरं. जंतांची अंडी मातीतून हाताला, हातातून तोंडात. वावडिंग घ्या नाहीतर अल्बेंडाझोल, औषध पोटात काम करतं, मातीत नाही. म्हणून तर गोळीही पुन्हा पुन्हा द्यावी लागते. बाबांच्या लहानपणी आजी एकटीच लढत होती, तेही अर्ध्याच लढाईत.

अर्धी गोळी ताईनं दिली. पोराचे हात साबणानं धुवायचं काम आजीनं स्वतःकडे घेतलंय. वावडिंगाच्या दुधावरून मात्र आमचं अजून एकमत नाही.