माळ कुणाची, दोऱ्याची की फुलांची?

दहा नावांची यादी आहे. मधे स्वल्पविराम घालून त्यांची एक ओळ करायची. काम एवढंसंच. पण ते सांगायचं कुणाला, यादीला की स्वल्पविरामाला? यावर पायथॉनवाल्यांनी बरंच डोकं खाजवलंय. (घरच्या मंडळींनो, पळू नका, कोड अर्धीच ओळ आहे :) )

पर्लमध्ये जॉइन हे मोकळं फंक्शन. आधी दोरा द्या, मग फुलं. १९९६ च्या नेटस्केप ३ मधल्या जावास्क्रिप्टने ते यादीच्या गळ्यात बांधलं. पीएचपीचा कारभार अघळपघळ, इम्प्लोडला दोन्ही गोष्टी कुठल्याही क्रमाने दिल्या तरी चालायचं. ते लाड २०२० च्या ८.० आवृत्तीत बंद झाले.

पायथॉनच्या १.५ पर्यंत स्ट्रिंग नावाच्या मोड्यूलमध्ये असंच मोकळं फंक्शन होतं, फक्त क्रम उलटा: आधी यादी, मग दोरा. २००० साली १.६ आणि २.० आल्या आणि स्ट्रिंगला स्वतःच्या मेथड्स मिळाल्या. बाकीची फंक्शनं निमूट तिकडे गेली, पण जॉइन गेल्यावर दिसायला लागलं ते असं: ", ".जॉइन(नावं). स्वल्पविराम हुकूम सोडतोय! आजही नवशिक्याला हे उलटंच वाटतं.

पण कारण पटण्यासारखं आहे. पायथॉनमध्ये यादी एकाच जातीची नसते. लिस्ट आहे, टपल आहे, शिवाय आपण स्वतः बनवलेले प्रकार. प्रत्येकाला माळ ओवायला कोण शिकवणार? दोरा मात्र एकाच जातीचा, त्याला एकदा शिकवलं की झालं. आणि यादीत आकडेही असू शकतात. जावास्क्रिप्ट ते गुपचूप ओवतं, नलच्या जागी तर नुसती रिकामी जागा सोडतं. पायथॉन तिथेच अडून बसतो. मला हा खडूसपणा आवडतो.

मुळात जॉइन हवंच कशाला, एकेक शब्द चिकटवत जावं की! दहा अक्षरांचे हजार शब्द घ्या. प्रत्येक वेळी आधीची ओळ पुन्हा उतरवून पुढचा शब्द जोडला, तर पन्नास लाखांवर अक्षरं लिहावी लागतात. जॉइन आधी एकूण लांबी मोजतं, तेवढी जागा एकदाच घेतं आणि दहा हजार अक्षरं (अधिक मधले स्वल्पविराम) एका दमात उतरवतं.

जावाला स्ट्रिंग.जॉइन मिळायला २०१४ उजाडलं. पायथॉनचं ते जुनं, यादी-आधीवालं फंक्शन २००८ च्या ३.० मध्ये काढून टाकलं. दोऱ्यावाली मेथड तेवढी राहिली.